संकीर्ण

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला. लिफ्टची जाळी हातानं ओढायची.
दारावर पितळी पाटी: विज्ञान-धोरण अभ्यास केंद्र.
आत सात माणसं, नऊ खुर्च्या.
सातांतली एक मी, हिशेबनीस,
जिला विज्ञानातलं काही कळत नाही,
पण महिना नेमका कुठल्या तारखेला संपतो ते कळतं.

डॉ. विभावरी तळपदेंनी हे काढलं
स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीतून.
पहिल्या पावतीवर दोन्हीकडे त्यांचीच सही,
देणाऱ्याचीही आणि घेणाऱ्याचीही.
मला हसू आलं.
"हसू नका, कुंदाताई," त्या म्हणाल्या,
"इतकी स्वच्छ नोंद पुन्हा करायला मिळणार नाही."

नाहीच मिळाली.
नंतर अनुदानं आली, अनुदानांच्या अटी आल्या,
अटींना जोडलेली परिशिष्टं आली.
सरकारी पैसा मार्च उलटल्यावर यायचा
आणि तो मार्चच्या आत खर्च झालेला हवा असायचा.
परदेशी देणगीचा परवाना नूतनीकरणाला गेला,
तो अजून तिथेच आहे.
शेवटी एका रंग-कंपनीचं प्रतिष्ठान आलं.
प्रतिष्ठान म्हणजे एक तरुण मुलगी, फार नम्र,
स्वतःचा चहाचा कप स्वतः विसळणारी.

त्या वर्षीचा अहवाल खाडीकाठच्या वस्त्यांवर होता.
चौदा ठिकाणं, अकरा महिने.
पान एक्केचाळीसवर एक वाक्य:
मुलांच्या रक्तात शिसं आढळलं.
प्रत परत आली तेव्हा त्याच्या वर पेन्सिलीनं लिहिलेलं:
आढळल्याची शक्यता नाकारता येत नाही.
बाकी कशालाच हात लावलेला नव्हता,
स्वल्पविरामसुद्धा जिथल्या तिथे.

बाईंनी मला आत बोलावलं.
"किती महिने?"
साडेचार, मी म्हटलं.
दिवाळीचा बोनस काढून ठेवला नाही तर पाच.
त्या खिडकीतून गोदीतल्या क्रेनकडे बघत राहिल्या.
मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.
म्हणाल्या, "कदमच्या मुलीची फी कधी भरायची असते?"
जूनमध्ये.
"हं."

विश्वस्तांच्या बैठकीला मी बारा सामोसे मागवले.
अकरा उरले.
ठरावात लिहिलं, प्रकृतीच्या कारणास्तव.
तीन मजले जिन्यानं चढणारी बाई.

नवे संचालक रेगुंडवार चांगले आहेत.
खरंच चांगले. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.
पगार एक तारखेला होतात.
नऊ खुर्च्यांवर नऊ माणसं बसतात.
आणि पान एक्केचाळीसवर आता
कशाचीच शक्यता नाकारता येत नाही.

ऑगस्टमध्ये ठाकुरद्वारच्या छापखान्याचं बिल आलं.
अहवाल, दोनशे प्रती, साधा कागद.
ऑर्डरची तारीख बैठकीच्या आदल्या दिवसाची.
रुपये अकरा हजार तीनशे चाळीस.
प्रती कुठे गेल्या ते बिलावर लिहीत नाहीत.
कदमला माहीत असावं. त्या आठवड्यात त्यानं
खाडीकडच्या टॅक्सीचे पैसे मागितले नव्हते,
आणि टॅक्सीचे पैसे तो कधी सोडत नाही.

दहा हजारांवर दोन सह्या, हा नियम माझाच,
मीच टाईप करून भिंतीला लावलेला.
त्या भिंतीकडे पाठ करून
मी बिलाची दोन व्हाउचरं केली.
पाच हजार सहाशे सत्तर. पाच हजार सहाशे सत्तर.
खातं: संकीर्ण.
पैसे प्रतिष्ठानचेच गेले. दुसरे होते कुठे?

मार्चनंतर लेखापरीक्षकाचा पोरगा आला,
मिसरूड फुटलेला, कानात पेन.
दोन्ही आकड्यांवर त्याचं बोट थांबलं.
"एकाच दिवशी, एकच रक्कम, दोनदा?"
हो, मी म्हटलं.
पुढे काहीतरी सांगायला हवं होतं. सुचलं नाही.
माझ्या चष्म्याकडे तो जरा वेळ बघत राहिला,
मग हिरव्या शाईनं एक खूण केली,
आणि जरा थांबून, दुसरी.